स्मरणिकेत अर्धे ‘ल’ मराठी, अर्धे हिंदी. फॉन्ट तर एकच आहे!

घंटा_वाजली | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या गावच्या शाळेला यंदा शंभर वर्षं पूर्ण होताहेत. माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि ‘तू तर दिवसभर कंप्युटरवरच असतेस’ एवढ्या एका पात्रतेवर मांडणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिब्रेऑफिस रायटर, नोटो सॅन्स देवनागरी, १८४ पानं. लेख सतरा जणांचे आणि आलेत सतरा तऱ्हांनी: कुणी ईमेलवर, कुणी वर्डच्या फाइलीत, कुणी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी.

परवा पहिली प्रुफं काढून आमच्या गुरुजींकडे दिली. वय ८१, नजर घारीची. शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी नंतर काढल्या, आधी लाल पेनाने ‘ल’भोवती गोल केले. काही पानांवर ‘ल’ आपला, पाकळ्यांचा. काही पानांवर उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी पुस्तकात असतो तसा. ‘श’चंही तेच. एकाच पानावर वर लेखात ‘विद्यालय’ एका वळणाचं आणि खाली फोटोच्या ओळीत दुसऱ्या. (इथे दाखवू शकत नाही. तुमच्या पडद्यावर कोणता ‘ल’ दिसतोय ते मला काय माहीत!)

सगळं निवडून तोच फॉन्ट पुन्हा लावला. फरक शून्य. फॉन्ट बिघडलाय का?

अजून दोन गोष्टी आहेत: ‘दऱ्या’ शोधलं तर तीनच सापडतात, डोळ्यांना आठ दिसतात. आणि ‘वाङ्मय मंडळ’ एका मथळ्यात पाय मोडून येतंय. पण आधी ‘ल’.


अर्धा_र | शनिवार, रात्री १०.१५

फॉन्ट ठणठणीत आहे. उलट तो शहाणा आहे म्हणूनच हे होतंय.

एक काम करा. फोटोखालच्या त्या ‘विद्यालय’वर कर्सर ठेवा आणि खिडकीच्या अगदी तळाशी, पानांचा आकडा दिसतो त्या पट्टीत, भाषेचं नाव काय आहे ते सांगा. मग वरच्या ‘विद्यालय’वर ठेवा आणि पुन्हा सांगा.


घंटा_वाजली | शनिवार, रात्री १०.३२

वर ‘मराठी’. खाली ‘हिंदी’!!

पण मी हिंदीत एक अक्षरही लिहिलेलं नाही. आणि व्याकरण तपासायला भाषा लागते हे ठीक, अक्षराच्या आकाराचा तिच्याशी काय संबंध?


अर्धा_र | शनिवार, रात्री ११.०५

संबंध आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो कारण बहुतेक वेळा कुणाला लाल गोल करणारे गुरुजी भेटत नाहीत.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘ल’ एकच आहे. मराठीचा, हिंदीचा, नेपाळीचा, संस्कृतचा, सगळ्यांचा मिळून एक क्रमांक: ०९३२. ‘श’ही एकच, ०९३६. वळण वेगळं असलं तरी अक्षर तेच, वाचणाऱ्याला अर्थ तोच लागतो, म्हणून क्रमांक वेगळे दिले नाहीत. मला हे पटतं. दोन क्रमांक असते तर ‘लता’ हे नाव शोधायला दोनदा शोधावं लागलं असतं.

मग वळण कुठे ठरतं? फॉन्टमध्ये. चांगल्या देवनागरी फॉन्टात ‘ल’ची दोन चित्रं असतात. एक आपोआप येणारं, ते बहुतेक फॉन्टांत हिंदी वळणाचं. दुसरं, ‘मजकुराची भाषा मराठी असेल तर हे वापर’ अशा सूचनेच्या आड ठेवलेलं. ओपनटाइपमध्ये, म्हणजे आजच्या फॉन्टांच्या स्वरूपात, या सूचनेला चार अक्षरी नाव आहे, ‘एल-ओ-सी-एल’, म्हणजे स्थानिक रूपं. रायटर प्रत्येक शब्दाची भाषा कोणती म्हणून नोंद आहे ते बघतो, ती फॉन्टाला सांगतो, फॉन्ट त्याप्रमाणे चित्र देतो. तुम्ही फॉन्ट शंभरदा लावलात तरी भाषेची नोंद जिथल्या तिथे राहते.

आता ‘मी हिंदीत लिहिलं नाही’ याबद्दल. दुसरीकडून चिकटवलेला मजकूर आपली भाषा सोबत घेऊन येतो. ज्याने तुम्हाला लेख पाठवला त्याच्या वर्डमध्ये ती हिंदी असेल, तर तुमच्याकडेही हिंदीच. आणि फोटोओळी कुणी टाइप केल्या? त्या मशीनवर कळफलक कोणता होता?


घंटा_वाजली | शनिवार, रात्री ११.२०

भाच्याने, त्याच्या लॅपटॉपवर. आत्ता फोन करून विचारलं. तो म्हणतो, ‘मावशी, विंडोजमध्ये हिंदीचा कीबोर्ड आधीपासून होता, देवनागरी ती देवनागरी, मी तोच वापरला.’


अर्धा_र | शनिवार, रात्री ११.३१

सापडला. विंडोजवर रायटर कळफलकाची भाषा बघतो आणि टाइप होणाऱ्या मजकुरावर तीच भाषा डकवतो. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस या पानावर ‘सिस्टिमची इनपुट भाषा दुर्लक्षित करा’ अशी चौकट आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर ती टिक करून टाका, निदान स्मरणिका होईपर्यंत. तिथेच ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या रकान्यात मराठी निवडा.

जे आधीच बिघडलंय त्यासाठी: सगळा मजकूर निवडा (फोटोओळींच्या चौकटी वेगळ्या निवडाव्या लागतील), फॉरमॅटमधून कॅरेक्टर उघडा. तिथे दोन गट दिसतात, एक पाश्चात्त्य लिपीच्या फॉन्टाचा, एक कॉम्प्लेक्स (म्हणजे देवनागरीसारख्या) लिपीचा. कॉम्प्लेक्सच्या गटात भाषा मराठी करा. पाश्चात्त्यच्या गटात केलीत तर काहीही होणार नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल.


उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ८.५०

इतका द्राविडी प्राणायाम कशाला? मी आमच्या सोसायटीच्या अंकात सोपं केलं होतं. फाइंड-रिप्लेसने सगळे ‘ल’ आणि ‘श’ शोधले आणि फक्त त्या दोन अक्षरांना दुसरा, मराठी वळणाचा फॉन्ट लावला. पाच मिनिटांत काम फत्ते.

आणि खरं सांगायचं तर ‘ल’ कसाही असो, वाचता येतो ना? सगळा भारत तो ‘ल’ वाचतो.


अर्धा_र | रविवार, सकाळी ९.१०

शहाणे, तुमच्या अंकात ‘ल्ल’, ‘ल्य’, ‘श्व’, ‘श्र’ कसे आले ते एकदा भिंग घेऊन बघा. जोडाक्षर तयार व्हायला त्यातली सगळी अक्षरं एकाच फॉन्टात, एकाच सलग तुकड्यात लागतात. मधल्या एका अक्षराला वेगळा फॉन्ट लावला की साखळी तुटते. ‘कल्याण’मधला ‘ल्’ एका फॉन्टात आणि ‘या’ दुसऱ्यात. शिरोरेषेची जाडीही दोन फॉन्टांत क्वचितच जुळते.


उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ९.४५

बघितलं. ‘विश्वस्त’ शब्दात ‘श’चा पाय मोडलेला आहे आणि ‘व’ शेजारी एकटा उभा आहे. सगळ्या विश्वस्तांच्या यादीत. तीन वर्षांत कुणी बोललं नाही.


खिळेवाला | रविवार, सकाळी ११.३०

‘ल कसाही असो’ यावर दोन शब्द. वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते, मी शाळा सुटली की तिथे त्यांच्या खिळ्यांच्या पेटीशेजारी बसायचो. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न नव्हता, कारण ‘ल’चा जो खिळा ओतारीकडून आला तोच ‘ल’. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या टाइपाचं वळण, त्याआधीच्या आणि नंतरच्या मुंबईच्या ओतशाळांचं वळण, हेच मराठी पुस्तकांचं वळण झालं. उत्तरेकडची वळणं वेगळ्या ओतशाळांतून आली. म्हणजे भाषेचं वळण हे खरं तर गावाचं वळण होतं. भाषेची नोंद खिळ्याला करावी लागत नव्हती, ती खिळ्यातच ओतलेली होती.

युनिकोडच्या आधीच्या आठ बिटांच्या फॉन्टांतही असंच. श्रीलिपी, शिवाजी, आकृती, सी-डॅकचे सुरेख वगैरे फॉन्ट, ज्याने जे काढलं ते वळण. फॉन्टात जागा जेमतेम दोन-अडीचशे, त्यात जोडाक्षरांचे तुकडे कोंबलेले. तिथे दोन ‘ल’ ठेवायला जागा कुणाला होती?

आणि वळण महत्त्वाचं आहे की नाही याबद्दल सांगायचं तर महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात वर्णमाला ठरवताना ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ असे शब्द वापरून सांगितलंय. २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. गुरुजींचा लाल पेन शासनमान्य आहे.

अवांतर: ‘ख’ही बघा. खाली न जोडलेला ‘ख’ घाईत ‘रव’ वाचला जातो.


घंटा_वाजली | रविवार, दुपारी १.००

खिळेवाला काका, गुरुजींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘हा कोण गृहस्थ, याला चहाला बोलाव’ म्हणाले.

आता माझा गोंधळ. मी अर्धा_र यांचा प्रतिसाद नीट न वाचता आधी माझ्याच डोक्याने कंट्रोल-एम दाबलं. सगळी थेट केलेली सजावट निघून जाते असं कुठेतरी वाचलं होतं. भाषा गेली, ‘ल’ सुधारला. सोबत सतरा लेखांतले सगळे ठळक आणि तिरके शब्दही गेले. कवितांच्या ओळींची समास सोडलेली मांडणीपण. कंट्रोल-झेड करून मागे आले, आता कॅरेक्टरच्या खिडकीतून भाषा बदलली. लेख सुधारले. फोटोओळी एकेक चौकट उघडून करतेय, ६२ फोटो आहेत.


अर्धा_र | रविवार, दुपारी १.२०

६२ वेळा करू नका! फोटोओळींना एक परिच्छेद-शैली असेल तर त्या शैलीत भाषा मराठी करा. थेट डकवलेली हिंदी शैलीवर कुरघोडी करते, म्हणून मग फक्त त्या ओळींवर कंट्रोल-एम. तिथे ठळक-तिरकं काही नसेल तर नुकसान नाही.

पुढच्या वेळी कुणाचाही लेख आला की साधा मजकूर म्हणून चिकटवा (कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही). भाषा, फॉन्ट, रंग, सगळी जळमटं दाराबाहेर राहतात. ठळक-तिरकं परत करावं लागतं, पण सतरा जणांचं मिळून तेवढं नसतं.


फोंडेकर | रविवार, दुपारी ३.१५

गोंयच्यान एक प्रस्न. कोकणी मासिकाची मांडणी करतो. भाषा कोकणी निवडली की ‘ल’ परत दंडवाला होतो, मराठी निवडली की आपल्याला हवा तो येतो. मग मी सगळ्या कोकणी मजकुरावर ‘मराठी’ लिहून ठेवू? आमच्याकडे या वाक्यावरून मारामारी होईल.


टेक_बिघाड | रविवार, दुपारी ४.००

(लेटेक या मांडणीच्या सॉफ्टवेअरवाला इथे, उशिरा आलोय.) फोंडेकर, तुमचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. फॉन्टात भाषांची यादी असते, प्रत्येकीला तीन-चार अक्षरी खूण. मराठीची वेगळी, कोकणीची वेगळी, नेपाळीची वेगळी. फॉन्ट करणाऱ्याने मराठीखाली पाकळीचा ‘ल’ नोंदवला आणि कोकणी यादीत घेतलीच नाही, तर कोकणी मजकुराला मूळ चित्र मिळतं. ही फॉन्टाची उणीव. मुक्त परवान्याचा फॉन्ट असेल तर फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादकात उघडून मराठीच्या नियमाला कोकणीची नोंद जोडता येते, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त बदललेल्या फॉन्टाला नाव वेगळं द्या, बरेच परवाने तसं बजावतात.

दुसरा मार्ग: ज्याचं मूळ चित्रच मराठी वळणाचं आहे असा फॉन्ट घ्या. टिरो टाइपवर्क्सने टिरो देवनागरी तीन वेगळ्या फॉन्टांत काढलाय: हिंदी, मराठी आणि संस्कृत. सगळी सॉफ्टवेअरं भाषेची नोंद फॉन्टापर्यंत पोचवत नाहीत, तिथे असा फॉन्ट हुकमी चालतो. भाषेची नोंद तुम्ही कोकणी ठेवा, अक्षर टिरो मराठीचं. मारामारी टळेल.

आता लेटेकमध्ये. झीलेटेक किंवा लुआलेटेक (लेटेकच्या युनिकोड चालणाऱ्या आवृत्त्या) वापरणाऱ्यांसाठी: फॉन्टस्पेक या पॅकेजमध्ये फॉन्ट घोषित करताना स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी असे दोन्ही पर्याय द्यावे लागतात. नुसती स्क्रिप्ट दिली तर जोडाक्षरं नीट येतात आणि माणूस खूश होऊन पुढे जातो. ‘ल’ मात्र हिंदीच राहतो. माझ्या प्रबंधाची मार्गदर्शकांकडची प्रत अशीच गेली होती. झीटेक २०१३ पासून हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या आकारणी-इंजिनावर चालतं; लुआलेटेकमध्येही २०२० पासून ते आहे, पण फॉन्ट घोषित करताना ‘रेंडरर’ म्हणून निवडावं लागतं. लिब्रेऑफिसही तेच वापरतं, ५.३ पासून सगळ्या प्लॅटफॉर्मवर. त्यामुळे एकीकडे सुटलेला प्रश्न दुसरीकडेही बहुधा तसाच सुटतो.

एक आडबाजूचा खड्डा सांगून ठेवतो, यात माझे दोन दिवस गेले. ओपनटाइपमध्ये देवनागरीच्या लिपीखुणा दोन आहेत, एक जुनी आणि एक नवी. नव्या खुणेखाली जोडाक्षरं बनवायचे नियम वेगळे आहेत. फॉन्टात दोन्ही असतील तर हार्फबझ नवी घेतं आणि जुनीकडे ढुंकूनही बघत नाही. एका फॉन्टात मराठीची नोंद फक्त जुन्या खुणेखाली होती. फॉन्टाच्या माहितीपत्रकात ‘मराठी रूपांसह’ असं छापलेलं, आणि ते खोटंही नव्हतं! तुमच्याकडे भाषा मराठी असूनही ‘ल’ हिंदीच राहिला, तर हे तपासा.


काजू_कतली | रविवार, संध्याकाळी ५.४०

इनडिझाइन हे मांडणीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. परिच्छेदाच्या पॅनेलमधल्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर’ निवडलेला असावा. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. ग्लिफ (अक्षरचित्रांच्या) पॅनेलमधून हवा तो ‘ल’ शोधून डबल-क्लिक करत बसणाऱ्यांना मी पाहिलंय. कृपा करून ते करू नका. भाषा कॅरेक्टर-शैलीत मराठी करा आणि चहा प्या.

वर्डमध्ये फॉन्टच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘लिगेचर्स’ असा पर्याय आहे. तो चालू-बंद करून जोडाक्षरं बदलतील अशी आशा धरू नका. इंग्रजीत ‘एफ’ आणि ‘आय’ जोडून एक सुबक चित्र करणं ही हौस, न जोडले तरी चालतं. आपल्याकडे ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ होणं ही गरज. फॉन्टातले हे नियम सक्तीचे, मेनूच्या हाती नसलेले.


घंटा_वाजली | रविवार, रात्री ८.१०

‘ल’ आणि ‘श’ झाले! फोटोओळींसकट. आता ‘दऱ्या’.


अर्धा_र | रविवार, रात्री ८.४५

माझ्या नावाचा विषय आला. जरा लांब लिहितो.

‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यात लग्नघरी चांगलाच फरक पडतो. म्हणजे हा प्रश्न ‘ल’सारखा नाही. ‘ल’चं वळण बदललं तर शब्द तोच राहतो, इथे रफार आणि तो आडवा अर्धा र यांची अदलाबदल झाली की शब्दच बदलतो. म्हणून हा फरक फॉन्टावर किंवा भाषेच्या नोंदीवर सोडून चालत नाही. तो मजकुरातच लिहावा लागतो.

आणि तो लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक: ‘ऱ’ (खाली नुक्ता असलेला, क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग ‘य’. दुसरी, जुनी: साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, मग ‘य’. युनिकोड दोन्ही मान्य करतं, दुसरी जुन्या आवृत्तीशी सुसंगती म्हणून. दऱ्या आणि दर्‍या. पडद्यावर बघा, सारखेच दिसतील. शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. तुमच्या आठांतले पाच जुन्या पद्धतीचे असणार. काही फोनेटिक कळफलक अजून तसंच टाइप करतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की सरळ ‘ऱ’ येतो.

उपाय: मजकुरातल्या एखाद्या जुन्या ‘दर्‍या’तला ‘र्‍’ एवढाच भाग (शेवटच्या ‘या’शिवाय) कॉपी करून शोधायच्या चौकटीत चिकटवा. निवडताना कर्सर अख्खं जोडाक्षर उचलतो, म्हणून पूर्ण चिकटवून मागून बॅकस्पेसने ‘ा’ आणि ‘य’ खोडा. बदली म्हणून ‘ऱ्’. एकदम ‘सगळे बदला’ न करता पहिले दहा-बारा डोळ्यांखालून घाला. शेतकऱ्यांचा, वाऱ्यावर, कऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ, सगळे एका वळणावर येतील. स्मरणिका उद्या कुणी वेबवर टाकली तर शोधणाऱ्याला गावचं नाव सापडेल.


पोटफोड्या_ष | रविवार, रात्री ९.३०

अर्धा_र, या न दिसणाऱ्या पात्रांबद्दल थोडं अजून लिहा ना. माझ्या फायलींत ते ढेकणांसारखे झालेत.


अर्धा_र | रविवार, रात्री १०.००

दोन भाऊ आहेत. एक जोडतो, एक तोडतो. ‘क्ष’ बघा: काही न घालता क्ष. मधे जोडक घातला तर क्‍ष, म्हणजे ‘क’ अर्धा राहतो पण ‘ष’मध्ये विरघळत नाही. तोडक घातला तर क्‌ष, हलन्त उघडा दिसतो. लहान मुलांच्या पुस्तकात जोडाक्षर फोडून दाखवायचं असेल तर यांचा खरा उपयोग. ‘उद्‌घाटन’, ‘सद्‌गुरू’ असं हलन्त दाखवून लिहायची कुणाची आवड असेल तर तिथेही तोडक.

ही कल्पना युनिकोडची नाही. १९९१ च्या संगणकावरच्या अक्षरांसाठीच्या भारतीय मानकात, इस्कीत, दोनदा हलन्त दिला की हलन्त उघडा दाखवायचा आणि हलन्तानंतर नुक्ता दिला की अर्धं रूप दाखवायचं, अशी सोय होती. युनिकोडने त्याच कामाला स्वतंत्र पात्रं दिली.

ढेकूण होतात ते यामुळे: एखाद्या फॉन्टात जोडाक्षर वाईट दिसलं म्हणून कुणीतरी जोडक घालून ठेवतो. फॉन्ट बदलतो, जोडक राहतो. दिसण्यापुरती सोय मजकुरात पुरली की ती पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही.


घंटा_वाजली | सोमवार, सकाळी ७.३०

३७ ठिकाणी बदललं. एका लेखकाच्या लेखात तर प्रत्येक जोडाक्षरात जोडक होता. काका पोस्टात होते, काहीही चिकटवायची सवय असेल.

‘वाङ्मय मंडळ’ उरलंय. मथळ्यासाठी वेगळा, जरा नखरेल फॉन्ट घेतलाय.


खिळेवाला | सोमवार, सकाळी ९.००

आधी नीट बघा, ‘ङ’च आहे की ‘ड’पुढे टिंब. ‘वाड्.मय’ असं लिहिलेलं मी साहित्य संमेलनाच्या कमानीवर पाहिलंय.


टेक_बिघाड | सोमवार, सकाळी ९.२५

‘ङ’ असेल तर फॉन्टात ते जोडाक्षरच नाही. ‘ङ’ला अर्धं करायला उभा दंड नसतो, त्यामुळे जोडचित्र नसेल तर फॉन्टापुढे हलन्त दाखवण्यावाचून पर्याय नाही. ‘द’, ‘ट’, ‘ड’, ‘ह’ यांचंही तेच. नखरेल फॉन्टांत अशा जोडांची उपासमार असते. आयआयटी मुंबईच्या शोभिकेत जोडाक्षरांसकट सोळाशेहून जास्त देवनागरी चित्रं आहेत. संस्कृत श्लोकांच्या पानाला तोच घ्या.

मथळ्यात अक्षरांमधली जागा वाढवली आहे का? तशी असेल तर काढा. शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर वेगळ्या बाकावर बसल्यासारखं दिसतं. इंग्रजीत चालणारी युक्ती आहे ती.


घंटा_वाजली | सोमवार, सकाळी १०.१०

वाढवली होती. काढली. ‘ङ’ होता, फॉन्ट बदलला. दोन्ही सुटलं.

छपाईवाले म्हणतात, पीडीएफ पाठवा आणि ‘फॉन्ट कर्व्हमध्ये करून द्या’. द्यावं का?


काजू_कतली | सोमवार, सकाळी १०.४०

त्यांना द्यायच्या प्रतीत चालेल, त्यांच्या यंत्रावर आकार हमखास जसाच्या तसा जाईल. पण वेबवर ठेवायची पीडीएफ वेगळी, कर्व्हशिवाय काढा. कर्व्ह केलेली पीडीएफ म्हणजे चित्र. त्यातून ना शोधता येतं ना कॉपी करता येतं, आणि अंध वाचकाचा स्क्रीनरीडर मुका होतो.

कर्व्ह नसले तरी पीडीएफमधून मराठी कॉपी करणं हा स्वतंत्र धाग्याचा विषय. पीडीएफमध्ये चित्रं दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात. ‘कि’मधली वेलांटी आधी, ‘क’ नंतर. रफार शेवटी. कॉपी केलं की वेलांट्या भलत्या अक्षरांवर. पीडीएफमध्येच प्रत्येक तुकड्यामागे मूळ मजकूर लपवून ठेवायची सोय आहे. झीटेकमध्ये ती चालू करावी लागते. कोणतंही सॉफ्टवेअर असो, पीडीएफ काढली की एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघाच.


फोंडेकर | सोमवार, दुपारी १२.३०

टिरो मराठी लावला, भाषा कोकणीच ठेवली. संपादक खूश. देव बरें करूं.


घंटा_वाजली | गुरुवार, रात्री ८.५०

दुसरी प्रुफं गुरुजींकडून आली. आत एकही लाल गोल नाही. मुखपृष्ठावर एक आहे, ‘विद्यालय’च्या ‘ल’ला.

मुखपृष्ठ भाच्याने मोबाइलवरच्या ॲपमध्ये केलं होतं. ते चित्र आहे, आत मजकूर नाहीच. भाषा कशाची बदलू?


अर्धा_र | गुरुवार, रात्री ९.०५

मुखपृष्ठ छापायला गेलंय?


घंटा_वाजली | गुरुवार, रात्री ९.०७

आजच सकाळी. फोन लावतेय.